ग्रहण कोठे दिसते? : सौंसर-बोरगावच्या आकाशाचा इतिहास

देवालयाच्या वर्षभराच्या व्यवहारात ज्या थोड्या गोष्टी महाजनांना आपल्या सोयीने पुढेमागे करता येत नाहीत, त्यांत ग्रहण ही एक होय. पालखीची वेळ, समाराधनेचा दिवस, सभामंडपाची दुरुस्ती यांविषयी महाजनांची सभा विचारविनिमय करू शकते. ग्रहण मात्र आपल्या वेळी लागते आणि आपल्या वेळी सुटते. गाभारा केव्हा बंद करावयाचा, नैवेद्य केव्हा दाखवावयाचा, मोक्षानंतर अभिषेक केव्हा करावयाचा, हे सारे त्याच्या अनुरोधाने ठरवावे लागते. परंतु या सर्व प्रश्नांच्या आधी एक मूळ प्रश्न उभा असतो व त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. तो प्रश्न असा, की हे ग्रहण आपल्या गावी दिसणार आहे काय?

इ. स. २०२५ च्या भाद्रपद महिन्याने हा प्रश्न घरोघरी आणून ठेवला. त्या वर्षी ७ सप्टेंबरच्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेस, खग्रास चंद्रग्रहण झाले. ते साऱ्या भारतवर्षात दिसले. चंद्रबिंब ८२ मिनिटे पूर्ण छायेत होते. त्यानंतर एका पंधरवड्याने, २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी सूर्यग्रहण होते. ते न्यूझीलंड व दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत दिसले. भारतात कोठेही दिसले नाही. एकाच पितृपक्षाच्या दोन टोकांस दोन ग्रहणे आली. त्यांपैकी पहिले पाळावयाचे होते आणि दुसऱ्याचा येथील श्राद्धकर्माशी काडीचाही संबंध नव्हता. ही दोन्ही उत्तरे एकाच नियमातून निघतात, आणि त्या नियमाला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासात सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखालाही एक जागा आहे.

शास्त्राचा निर्णय

ग्रहणकाळी दान देण्याची प्रथा महाराष्ट्रात फार जुनी. राष्ट्रकूट नृपती तिसरा गोविंद याचा पैठण येथील ताम्रपट शके ७१६ च्या वैशाख अमावास्येचा, म्हणजे इ. स. ७९४ मधील असून त्यातील दान सूर्यग्रहणप्रसंगी दिलेले आहे. अशा ताम्रपटांतील ग्रहणांचा आज इतिहाससंशोधकांस मोठा उपयोग होतो. एखादे ग्रहण अमुक दिवशी अमुक प्रदेशात दिसले होते किंवा नाही, हे गणिताने पडताळता येते आणि त्यावरून लेखाचा काळ निश्चित करण्यास साह्य होते. दान देणाऱ्या राजाला आपल्या दानासाठी पर्वकाळ हवा होता. त्याने कोरवून ठेवलेली तिथी हजार वर्षांनंतर कालगणनेचा पुरावा ठरली.

पुढे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी ग्रहणाचे नियम एकत्र केले. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी इ. स. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’ अठराव्या शतकाच्या अखेरीचा. महाराष्ट्रातील देवळांत आणि घरांत आजही याच दोन ग्रंथांचा आधार घेतला जातो.

धर्मसिंधूचा ग्रहणाविषयीचा निर्णय अत्यंत स्वच्छ आहे. ग्रहण जितका काळ डोळ्यांना दिसण्यायोग्य असते, तितकाच पुण्यकाळ. सूर्य किंवा चंद्र ग्रस्त स्थितीत मावळला, तर मावळल्यानंतर दुसऱ्या द्वीपात ग्रहण चालू असले तरी येथे पुण्यकाळ उरत नाही. त्याचप्रमाणे बिंब ग्रस्त स्थितीत उगवले, तर उगवण्यापूर्वीचा काळ जमेस धरावयाचा नाही. आभाळ आल्यामुळे ग्रहण दृष्टीस पडले नाही, तर मात्र शास्त्राने स्पर्श-मोक्षाच्या वेळा जाणून घेऊन स्नानदानादि करावे.

या शेवटच्या वाक्यात मोठा विवेक साठवलेला आहे. ढग हा दृष्टीचा अडथळा झाला. ढगामागे ग्रहण आपल्याच आकाशात असते. पायाखालची पृथ्वी हा मात्र निराळा प्रकार. ती आड आली म्हणजे ग्रहण आपल्या आकाशातच नसते. मेघांचे आवरण आणि क्षितिजाचे आवरण यांत शास्त्रकारांनी केलेला हा भेद पाहिला, म्हणजे ग्रहण हे स्थळपरत्वे असते ही जाणीव त्यांच्या निर्णयाच्या मुळाशी होती, हे स्पष्ट होते. त्याच न्यायाने, ज्यात चंद्र पृथ्वीच्या केवळ विरळ उपच्छायेतून जातो आणि डोळ्यांना ग्रास असा दिसतच नाही, त्या छायाकल्प ग्रहणास पंचांगकार वेधादि नियम लावत नाहीत. ५ मे २०२३ च्या वैशाख पौर्णिमेचे ग्रहण त्या प्रकारचे होते.

चंद्राचे ग्रहण अनेकांचे, सूर्याचे मोजक्यांचे

चंद्रग्रहणात पृथ्वीची छाया प्रत्यक्ष चंद्रावर पडते. चंद्राचा प्रकाशच हरपतो. म्हणून ज्या ज्या ठिकाणी त्या वेळी चंद्र क्षितिजाच्या वर असेल, त्या सर्व ठिकाणी ग्रहण एकाच क्षणी लागलेले, तितकेच लागलेले आणि एकाच क्षणी सुटलेले दिसते. अर्ध्या पृथ्वीला ते एकाच वेळी दिसू शकते. आणि ग्रहण काही तास चालत असल्यामुळे तेवढ्या अवधीत पृथ्वी फिरून आणखी काही प्रदेश चंद्रासमोर येतात. मुंबई, बोरगाव आणि कोलकाता यांच्या घड्याळात चंद्रग्रहणाचा स्पर्श एकच असतो. फरक पडतो तो केवळ चंद्रोदय आणि चंद्रास्त यांच्या वेळांमुळे.

सूर्यग्रहणाचे तसे नाही. तेथे सूर्याचा प्रकाश कमी होत नाही. चंद्र मध्ये येऊन तो झाकतो, आणि आड आलेली वस्तू पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे हललेली दिसते. देवळाचा कळस दीपमाळेच्या आड येतो तो विशिष्ट जागी उभ्या असलेल्या मनुष्यालाच. दहा पावले बाजूला सरकलेल्यास दोन्ही सुटी दिसतात. चंद्राची दाट छाया शंकूसारखी निमुळती होत पृथ्वीपर्यंत पोहोचते, तेव्हा तिचे टोक भूपृष्ठावर एक अरुंद पट्टा आखीत पुढे जाते. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात हा पट्टा फार तर सुमारे २७० किलोमीटर रुंद असतो, पुष्कळदा त्याहून बराच कमी. त्या पट्ट्यात खग्रास. दोन्ही बाजूंस हजारो किलोमीटरपर्यंत खंडग्रास. त्यापलीकडे काहीच नाही. छायेचे टोक पृथ्वीपर्यंत पोहोचलेच नाही, तर मध्यभागी कंकणाकृती ग्रहण दिसते. कोणत्याही ठिकाणी खग्रास स्थिती साडेसात मिनिटांहून फारशी टिकू शकत नाही. बहुधा ती दोन-चार मिनिटांचीच असते.

यावरून एक विरोधाभास उलगडतो. साऱ्या पृथ्वीचा हिशेब केला तर दरवर्षी निदान दोन तरी सूर्यग्रहणे होतात, क्वचित पाचही होतात. तरीही एका गावाला खग्रास सूर्यग्रहण सरासरीने सुमारे ३७५ वर्षांतून एकदाच लाभते. खग्रास चंद्रग्रहण मात्र मनुष्याच्या आयुष्यात पुष्कळदा दिसते. म्हणून वृद्धांच्या आठवणींत ‘सारे लागलेले’ ग्रहण म्हणून जे सांगितले जाते, ते बहुधा चंद्राचेच असते.

स्थळाचे गणित

हा भेद आपल्या ज्योतिर्विदांना उत्तम ठाऊक होता. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास चंद्र सूर्यास झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्रास झाकते, असे स्पष्ट मांडले. सिद्धान्तग्रंथांत चंद्रग्रहणाच्या अध्यायानंतर सूर्यग्रहणाच्या अध्यायात ‘लंबन’ आणि ‘नति’ हे दोन नवे संस्कार येतात. पृथ्वीच्या मध्यापासून पाहिलेला चंद्र आणि पृष्ठावरून पाहिलेला चंद्र यांच्या स्थानात जो फरक पडतो, त्याचा हिशेब म्हणजे हे संस्कार होत. चंद्रग्रहणास त्यांची गरज नाही. सूर्यग्रहणाचे त्यांच्यावाचून चालत नाही. दोन अध्यायांतील हा फरक म्हणजे ‘ग्रहण कोठे दिसते’ या प्रश्नाचे गणिती रूपच होय.

महाराष्ट्रातील पंचांगांचा शतकानुशतकांचा आधारग्रंथ म्हणजे गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’. कोकणातील नांदगावच्या या गणकाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, तो रचला. ज्या-कोज्या यांचा उपयोग न करता ग्रहांची स्थाने आणि ग्रहणे काढण्याची सोपी रीत त्यात असल्यामुळे खेड्यातील जोशीबुवांनाही ग्रहणाचे गणित करणे शक्य झाले. अशा गणितास गणकाच्या गावाची दोन मापे लागत. पहिले ‘देशांतर’, म्हणजे उज्जयिनीच्या याम्योत्तर रेषेपासून गाव पूर्वेस वा पश्चिमेस किती दूर आहे ते. दुसरे ‘पलभा’, म्हणजे दिवसरात्र समान असणाऱ्या दिवशी बारा अंगुळे उंचीच्या शंकूची मध्याह्नी पडणारी छाया.

सौंसर-बोरगावच्या परिसरासाठी ही दोन्ही मापे सहज सांगता येतात. हा भाग उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारे ३ अंश आहे. त्याचे देशांतर सुमारे १२ मिनिटे, जुन्या मापाने अर्धी घटी. अक्षांश साडेएकवीसच्या आसपास असल्यामुळे पलभा सुमारे पावणेपाच अंगुळे. ही दोन मापे ज्या जोशांच्या वहीत बरोबर लिहिलेली असतील, त्यांचेच ग्रहण या गावाचे; परगावची पलभा घेऊन केलेले गणित परगावचेच राहील.

एकोणिसाव्या शतकात जुन्या गणिताने काढलेल्या वेळा आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या वेळा यांतील अंतर सुशिक्षितांच्या नजरेत भरू लागले. पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नव्या वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले; त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांगही पुढे निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा थोर ग्रंथ देऊन या सर्व परंपरेचा इतिहास लिहिला. पंचांगशोधनाचे वाद तिथी-नक्षत्रांविषयी वर्षानुवर्षे चालले. ग्रहणाच्या बाबतीत मात्र न्याय आकाशच देत असे. पंचांगात लिहिलेल्या घटकेस बिंबाला डाग लागला की नाही, हे अंगणात उभे राहिलेल्या निरक्षर शेतकऱ्यालाही दिसत होते.

पोळ्याची अमावास्या, १८६८

सूर्यग्रहणाची खग्रास छाया मराठी मुलखावरून जाण्याचा योग त्या शतकात दोनदा आला. पहिला १८ ऑगस्ट १८६८ रोजी, श्रावण अमावास्येस. पोळ्याची ही अमावास्या. अरबी समुद्रावरून आलेली छाया दक्षिण महाराष्ट्राच्या जमखंडी संस्थानावरून गुंटूर आणि मछलीपट्टणमकडे गेली. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन व मेजर टेनंट आणि मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन हे दुर्बिणी व वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वाला तप्त वायूच्या असतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले. जान्सेन यांना तर दुसऱ्या दिवशी ग्रहणाशिवायही त्या ज्वालांच्या वर्णरेषा पाहता आल्या.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी स्वतंत्रपणे हेच साधले. सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेचे कारण असणारे मूलद्रव्य पुढे हेलियम या नावाने ओळखले गेले; ते पृथ्वीवर १८९५ साली सापडले. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला, असा एक समज महाराष्ट्रात प्रचलित आहे. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गास ते आले १८९८ साली, आणि त्या वर्षाची हकीकत पुढे येते.

१८६८ ची छाया सौंसरपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेकडून गेली. येथे त्या सकाळी सूर्य केवळ खंडग्रास होता. एकाच अमावास्येस जमखंडीच्या शिवारात दिवसा काळोख पडला आणि सौंसरच्या शिवारात ऊन मंदावण्यापलीकडे काही घडले नाही.

पौष अमावास्या, शके १८१९

दुसरा योग शनिवार, २२ जानेवारी १८९८ रोजी आला. तिथी पौष अमावास्या, शके १८१९. या वेळी छाया आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून विजयदुर्गाजवळ किनाऱ्यास लागली आणि कोकण, सोलापूर जिल्हा, मराठवाडा, वऱ्हाड व मध्यप्रांत असा तिरका प्रवास करीत ईशान्येस गेली. मराठी भाषकांचा प्रदेश तिने कोकणच्या समुद्रापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जणू सुतात आखला. पट्टा शंभर किलोमीटरपेक्षाही अरुंद होता आणि मध्यरेषेवर काळोखाचा काळ सुमारे दोन मिनिटांचा.

दोन मिनिटांच्या त्या दृश्यासाठी जगभरातील ज्योतिर्विद महाराष्ट्रात उतरले. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ ठोकले. नायगमवाला यांनी सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी चमकून जाणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. या देशातील वेधशाळेने स्वतःच्या साधनांनी केलेले ते महत्त्वाचे काम होते. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथे न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स होते. धामणगाव व पुलगाव यांच्या दरम्यानच्या तळणी या लहानशा स्टेशनाजवळ मॉन्डर दांपत्याने आपली साधने लावली. श्रीमती ॲनी मॉन्डर यांनी तेथे एका लहान भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्यप्रभेचा फार दूरवर पसरलेला एक किरण टिपला. तेवढा लांब किरण त्यापूर्वी कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. आणखी पुढे, रेवा संस्थानातील शहडोल येथे इंग्लंडचे राजज्योतिषी क्रिस्टी आणि प्राध्यापक टर्नर होते. माघाच्या तोंडावरचे ते आकाश निरभ्र राहिले आणि सर्व ठाण्यांची मेहनत फळास आली.

ही सर्व ठाणी नकाशावर जोडली, म्हणजे पुलगावापासून शहडोलकडे जाणारी ग्रहणाची मध्यरेषा नागपूर आणि सौंसर यांच्या मधून जाते. सौंसर तेव्हाही छिंदवाडा जिल्ह्याचेच तहसील होते व जिल्हा मध्यप्रांतात होता. बोरगाव या रेषेच्या वायव्येस, पट्ट्याच्या उत्तर कडेकडच्या बाजूस येते. मध्यरेषेपासून वायव्येस जावे तसतसा काळोखाचा काळ कमी होत होता, आणि पांढुर्णा-मुलताईच्या दिशेस पट्ट्याची कड लागत होती. कडेच्या अलीकडे भरदुपारी तारे. पलीकडे सूर्याची बारीकशी कोर शिल्लक, आणि तेवढ्या कोरेच्या उजेडाने काळोखास थोपवून धरलेले.

बैलगाडीने एका दिवसात जाता येईल एवढ्या अंतरात दोन निरनिराळी ग्रहणे होती. दोन्हीकडे पंचांग एकच, तिथी एकच, भाषा आणि कुलाचारही एकच. आकाश मात्र एक नव्हते. ग्रहण स्थळपरत्वे असते हा शास्त्राचा निर्णय या मुलखाने त्या दिवशी स्वतःच्या शिवारात अनुभवला. त्यापूर्वीचीच दोन वर्षे मध्यप्रांतास दुष्काळाची आणि मुंबई-पुण्यास प्लेगची गेली होती. अशा काळात दिवसा पडलेल्या काळोखास लोक संकटाची खूण समजले असल्यास नवल नाही. परंतु ही छाया कोणत्या दिवशी, कोणत्या गावावरून, किती वाजता जाणार, हे आधीच गणिताने ठरलेले होते. म्हणूनच तर हजारो मैलांवरून आलेली माणसे तळणीच्या माळावर वेळेवर उभी होती.

त्या ग्रहणाचे वंशज

ग्रहणांचे एक चक्र प्राचीन काळापासून ज्ञात आहे. १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास लोटले की सूर्य, चंद्र व चंद्राच्या कक्षेचा पात या तिघांची स्थिती जवळजवळ पूर्ववत होते आणि तशाच प्रकारचे ग्रहण पुन्हा घडते. परंतु वरचे जे आठ तास उरतात, तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती तृतीयांश फेरा पुढे फिरते. म्हणून नवे ग्रहण जुन्या ठिकाणी न दिसता पृथ्वीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पश्चिमेस सरकते. त्याच कुळातले ग्रहण पुन्हा येते, परंतु त्याच गावी येत नाही.

१८९८ च्या ग्रहणाचे वंशज पाहिले म्हणजे ही गोष्ट मनावर ठसते. त्या कुळातील पुढचे ग्रहण १९१६ साली दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात दिसले. त्यानंतरचे १९३४ साली बोर्निओ व प्रशांत महासागरात; १९५२ साली सुदानमधील खार्टूम येथे; १९७० साली मेक्सिको आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर; १९८८ साली सुमात्रा आणि फिलिपाइन्समध्ये; २००६ साली लिबिया व तुर्कस्तानात. ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे कोट्यवधी लोकांनी पाहिलेले ग्रहण हे त्याच कुळातले, तळणी-पुलगावच्या ग्रहणापासून सातवे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी त्या दिवशी जे पाहिले, ते सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाड-नागपुरावरून गेलेल्या छायेचेच पुढचे पाऊल होते. भारतात मात्र तेव्हा रात्र होती, आणि येथे त्याचे वेध पाळण्याचे कारण नव्हते.

अलीकडची ग्रहणे

१८९८ नंतर ८२ वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९८० रोजी, खग्रास छाया कारवार, रायचूर, पुरी या मार्गाने गेली. त्या दुपारी भीतीपोटी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत, ती राजस्थानातील नीम का थाना येथून बंगालच्या डायमंड हार्बरकडे गेली. ११ ऑगस्ट १९९९ रोजी ती सूर्यास्ताच्या सुमारास गुजरातेतून आत आली, परंतु पावसाळी ढगांनी बहुतेकांची निराशा केली. २२ जुलै २००९ रोजी सूर्योदयानंतर लवकरच सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा मार्ग छायेने घेतला. या वेळी मध्यप्रदेश हे राज्य खग्रास पट्ट्यात होते. तरीही सौंसर-पांढुर्णा पट्ट्याच्या दक्षिणेस राहिले. १९९९ साली ते पट्ट्याच्या उत्तरेस राहिले होते. चारही वेळा बोरगावच्या वाट्यास खंडग्रासच आला. ‘राज्यात खग्रास आहे’ म्हणजे ‘आपल्या गावी खग्रास आहे’ असे होत नाही, याचे २००९ हे चांगले उदाहरण होय.

१९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला व छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. शासनाच्या सीमा बदलल्या, तरी येथील घरांत मराठी पंचांगच वाचले जाते. त्यातील पुष्कळ वेळा मात्र मुंबईच्या असतात. मुंबई बोरगावच्या पश्चिमेस सुमारे ६ अंश आहे. म्हणून येथे सूर्य आणि चंद्र मुंबईपेक्षा सुमारे २४ मिनिटे आधी उगवतात व मावळतात. इतर दिवशी हा फरक कोणी फारसा मनावर घेत नाही. ग्रस्तोदय आणि ग्रस्तास्त यांच्या वेळी मात्र तोच निर्णायक ठरतो.

२५ ऑक्टोबर २०२२ चे, दिवाळीच्या अमावास्येचे खंडग्रास सूर्यग्रहण पाहावे. त्यात सूर्य भारतभर ग्रस्त स्थितीतच मावळला; मोक्ष या देशात कोठेही दिसला नाही. मुंबईत ते १ तास १९ मिनिटे दिसले, कोलकात्यात अवघी १२ मिनिटे, ईशान्येकडील काही भागांत आणि अंदमानात मुळीच नाही. सौंसरचा काळ मुंबई व कोलकाता यांच्या मधला होता. पंधरवड्याने, ८ नोव्हेंबरला, कार्तिक पौर्णिमेचा चंद्र ग्रस्तच उगवला. ३ मार्च २०२६ चे फाल्गुन पौर्णिमेचे चंद्रग्रहणही ग्रस्तोदित प्रकारातले. त्याचा मोक्ष संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, त्यामुळे बोरगावच्या क्षितिजावर ते अर्ध्या तासाहून कमी आणि मुंबईच्या क्षितिजावर काही मिनिटेच. अशा दिवशी मुंबईचा चंद्रोदय पाहून येथील पर्वकाळ धरला, तर दिसणारा पर्वकाळ बहुतेक निघून जातो.

निर्णयाची रीत

या साऱ्या इतिहासातून देवालयाच्या व्यवहारास उपयोगी पडणारी रीत सरळ निघते. ग्रहणाची वार्ता आली म्हणजे प्रथम ते भारतात दिसते काय हे पाहावे. न दिसल्यास वेध नाही, स्नान नाही, गाभारा बंद करण्याचे कारण नाही. दिसत असल्यास चंद्रग्रहणाचा स्पर्श-मोक्ष सर्वत्र एकच, म्हणून केवळ येथील चंद्रोदय-चंद्रास्त पाहावा. सूर्यग्रहण असल्यास स्पर्श, मध्य व मोक्ष या तिन्ही वेळा नागपुरासारख्या निकटच्या स्थळाच्या घ्याव्या. कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर, जेथे राष्ट्रीय पंचांग तयार होते, प्रत्येक ग्रहणाच्या वेळा स्थळवार प्रसिद्ध करते. जोशीबुवांच्या वहीतील देशांतर आणि पलभा यांचेच काम आता ही कोष्टके करतात. खंडग्रास सूर्य उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. पिवळ्या-काळ्या काचाही पुरेशा नाहीत. देवळाच्या आवारातील झाडाच्या पानांतून जमिनीवर पडणारे कवडसे पाहिले, तरी प्रत्येक कवडशात सूर्याची कोर उमटलेली दिसते, आणि ती मुलांनाही निर्धोकपणे दाखविता येते.

पुढील काळातील दोन ग्रहणे या रीतीने पाहण्याजोगी आहेत. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण २००९ च्या ग्रहणाच्याच कुळातले. ते आता पश्चिमेस सरकले असून त्याची छाया इजिप्तमधील लक्झरवरून जाते आणि येथे ते खंडग्रास आहे. २० मार्च २०३४ ची छाया लडाखमध्ये कारगिलकडे येते. येथे तेही खंडग्रासच. सरासरीचा हिशेब धरला तर १८९८ च्या शनिवारसारखी दुपार या शिवारावर पुन्हा येण्यास अजून पुष्कळ पिढ्या जाव्या लागतील. तोपर्यंत पिढीपिढीच्या महाजनांनी ग्रहणाच्या दिवशी वहीत आपल्या गावचा स्पर्श, ग्रास आणि मोक्ष यांची प्रत्यक्ष पाहिलेली वेळ नोंदवून ठेवली, तर पैठणच्या ताम्रपटाप्रमाणे तीही पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.